ब्लॉकेज काढलं, आजार गेला का?

जामुलमध्ये बोलायचं तर एक सोय आहे. सिमेंटचा कारखाना गावात, भिलाईचं पोलाद शेजारी. पाइप चोक होणं म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पण अडचणही तिथेच आहे. हृदयातल्या ब्लॉकेजबद्दलही आपण तसाच विचार करतो: पाइप तुंबला, मोकळा केला, काम संपलं.

माझे एक रुग्ण, आपण त्यांना काका म्हणू. अँजिओप्लास्टी झाली, वर्षभर गोळ्या घेतल्या. मग कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांनी दुसऱ्या धमनीत अटॅक आला. काका वाचले, पण आता एक जिना चढला तरी धाप लागते. मला म्हणाले, "साहेब, रिपोर्ट तर चांगला होता ना?" चांगला होता, काका. गोळीमुळेच चांगला होता.

या आजाराचं नाव अथेरोस्क्लेरोसिस. ग्रीक भाषेत 'अथेरे' म्हणजे लापशी आणि 'स्क्लेरोस' म्हणजे कठीण. ही लापशी पाइपच्या आत चिकटलेली नसते, ती धमनीच्या भिंतीत साठते. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, तिथे गाठ तयार होते आणि तिच्यावर पातळ पापुद्रा धरतो. रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू हे सगळं वाढवतात. तंबाखू म्हणजे फक्त विडी नव्हे बरं का. महाराष्ट्रातली मिश्री आणि आपल्या छत्तीसगडातला गुडाखूही त्यातच आला.

सुरुवात फार लवकर होते. कोरियन युद्धात मेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं झाली. सरासरी वय 22. त्यातल्या 77 टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत हा आजार दिसला. ही गोष्ट 1953 सालची.

एखाद्या दिवशी तो पापुद्रा फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि धमनी बंद पडते. हाच अटॅक. अनेकदा फाटणारी गाठ फार मोठी नसतेच. म्हणून ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली, म्हणजे धमन्या स्वच्छ, असं समजू नका. अँजिओग्राफीतही रक्ताची वाट दिसते, भिंत नव्हे. सीटी स्कॅनमध्ये भिंतीतलं कॅल्शियम दिसतं. पण प्रत्येकाला सगळ्या तपासण्या लागत नाहीत. रक्तदाब, साखर, एलडीएल, तंबाखू आणि घरातला इतिहास, सुरुवात इथून करायची.

आता स्टेंट. अटॅक चालू असताना तो जीव वाचवतो, तिथे वाद नाही. स्थिर दुखण्यात मात्र गोष्ट वेगळी. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात 5,179 रुग्ण होते, त्यात भारतातलेही. स्टेंट किंवा बायपासने छातीचं दुखणं कमी झालं, पण आधी नीट औषधं देण्याच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण त्यात नव्हते, हेही लक्षात ठेवा.

कारण स्टेंट दोन-तीन सेंटिमीटर जागा उघडतो आणि आजार सगळ्या भिंतींत असतो. तिथे स्टॅटिनची गोळी पोहोचते. अटॅक येऊन गेलेल्यांनी एलडीएल 70 च्या खाली ठेवायचं, बऱ्याच जणांनी 55 च्याही खाली. गोळीने अंग फार दुखलं तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. पण आपल्या मनाने बंद करू नका.

आणि छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात भरून येणं, मधुमेह असेल तर नुसती धाप, यातलं काहीही अचानक झालं तर गॅस म्हणून सोडा पीत बसू नका. 108 ला फोन करा.

आज घरी गेलात की आई-बाबांचा गोळ्यांचा डबा उघडून बघा. कुठली गोळी घ्यायची राहिली आहे का, एवढंच विचारा.