गिटारचा स्वर मैदानावर नेताना

श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड असे मुक्काम करीत धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत येते, आणि या जिल्ह्यातील तिचा पहिला मुक्काम आमच्या नातेपुत्यास पडतो. त्या रात्री पालांतून आणि राहुट्यांतून चाललेली भजने ज्यांनी लक्षपूर्वक ऐकली असतील त्यांच्या ध्यानात आले असेल, की टाळ आणि पखवाज यांचा नाद कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून दूरवर जातो, शेकडो कंठांतून उठणारा नामघोष त्याच्याही पुढे जातो. परंतु ज्या वीणेला दिंडीत सर्वांहून मोठा मान, जी जमिनीवर टेकवायची नाही असा शिरस्ता, तिचा झंकार मात्र जवळच्या चार-दोन माणसांपलीकडे ऐकू येत नाही. हा वीणेचा उणेपणा नव्हे. ती सर्व तंतुवाद्यांची प्रकृतीच आहे. तार ही इतकी बारीक वस्तू, की ती स्वतः हवेला फारसे हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीवाटे तबलीत उतरावे, तबलीने वाद्याच्या पोटातील हवा हलवावी आणि तेव्हा कुठे स्वर श्रोत्याच्या कानी पडावा, असा हा मार्ग आहे. आणि त्या मार्गावरील प्रत्येक टप्पा स्वरात आपापला रंग मिसळीत असतो.

गिटारची कथा याहून निराळी नाही. एके काळी गिटार म्हटली की मुंबईतील वाद्यवृंद आणि चित्रपटांचे ध्वनिमुद्रण यांचीच आठवण होई. आता आमच्या भागातील शाळांच्या स्नेहसंमेलनांत, गणेशोत्सवाच्या मंडपात आणि भावगीतांच्या कार्यक्रमांत ती हार्मोनियमच्या शेजारी निःसंकोच येऊन बसते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पण तिच्या आवाजाची जी तजवीज केली जाते ती पाहून तितकाच खेदही होतो. गायकापुढचा एखादा जादा माइक गिटारच्या भोकासमोर उभा केला म्हणजे काम झाले असे समजण्यात येते. मग त्या माइकात ढोलकी शिरते, हार्मोनियम शिरते, मंडपाबाहेरची हलगीही शिरते, आणि गिटार तेवढी बाहेरच राहते. तिचा आवाज वाढवावा, तर कर्ण्यातून निघालेला स्वर पुन्हा माइकात येतो, वाढून पुन्हा कर्ण्यातून निघतो, आणि या आवर्तनाचा शेवट त्या कानठळ्या बसवणाऱ्या शिट्टीत किंवा घुमाऱ्यात होतो. गिटारच्या पोटातील हवा साधारणतः सेकंदाला १०० कंपनांच्या आसपास आणि तिची तबली २०० च्या आसपास आपण होऊन डोलू लागते. म्हणून घुमारा बहुधा याच दोन ठिकाणी उठतो. वाद्य जितके चांगले, जितके हलके आणि संवेदनशील, तितकी ही व्याधी अधिक.

या अडचणीवरचा उपाय म्हणून वाद्यावरच बसवावयाचे जे साधन निघाले त्याला पिकअप म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार तीन, आणि त्यांतील भेद जाणल्यावाचून दुकानात पाऊल टाकू नये.

पहिला प्रकार चुंबकाचा. चुंबकाभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरून जाणारी पोलादी तार थरथरली, की चुंबकीय क्षेत्र हालते आणि त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते. गिब्सन कंपनीने १९३६ साली याच तत्त्वावरची गिटार बाजारात आणली आणि तोवर वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत दबून गेलेले हे वाद्य अमेरिकेत एकदम पुढे आले. साध्या गिटारकरिता हाच पिकअप भोकावर आडवा बसवता येईल असा मिळतो. तो लाकडाला फारसा विचारीत नाही, तारेचेच ऐकतो; त्यामुळे त्याचा स्वर थोडा विजेच्या गिटारकडे झुकतो, पण त्याच कारणाने घुमाराही उशिरा उठतो. नायलॉनच्या तारांना तो सर्वस्वी निरुपयोगी आहे, कारण नायलॉनचा चुंबकाशी संबंधच नाही. कांस्याचे वेष्टन असलेल्या तारांतही त्याला फक्त आतील पोलादी गाभा कळतो, म्हणून वरच्या दोन बिनवेष्टनाच्या तारा अधिक वाजतात, आणि हा तोल सावरण्याची सोय असलेलाच पिकअप घ्यावा. शिवाय वेढ्यांचा एकच संच असेल, तर मंडपातील विजेच्या माळा आणि जनरेटर यांची गुणगुण त्यात हमखास उतरते. गिब्सनच्याच सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये परस्परविरोधी दोन संच जोडून ती गुणगुण आपसांतच नाहीशी करण्याची जी युक्ती योजली, तिचा लाभ आमच्यासारख्या जनरेटरवर कार्यक्रम करणाऱ्यांनी अवश्य घ्यावा.

दुसरा प्रकार स्फटिकाचा. काही स्फटिकांवर दाब पडला असता त्यांत वीज प्रकटते, हा शोध झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली लावला. अशा द्रव्याची एक बारीक पट्टी घोडीवरील हाडाच्या पट्टीखाली घालतात. तारांचा सारा दाब तिच्यावरच पडत असल्याने प्रत्येक आघात तिला स्पष्ट कळतो, नायलॉनच्या तारांचाही कळतो, आणि घुमाऱ्याचे भयही मर्यादित राहते. परंतु तिला घोडीचा दाब कळतो, पेटीचा श्वास कळत नाही. म्हणून जोराने छेडल्यास स्वर पत्र्यावर नखाने टिचकी मारावी तसा कोरडा आणि टोकदार निघतो. दुकानात सेमी-अकौस्टिक म्हणून ज्या गिटारी मिळतात त्यांपैकी बहुतेकींच्या पोटात हीच व्यवस्था असते.

तिसरा प्रकारही स्फटिकाचाच, पण त्याच्या चकत्या घोडीच्या बरोबर खाली, तबलीच्या आतील अंगास चिकटवतात. त्यांना तबलीचे हलणे कळते, आणि म्हणून लाकडाचा खरा स्वभाव जर कोणत्या पिकअपमधून प्रकट होत असेल तर तो याच्यातून, असे माझे मत आहे. मात्र जी तबली तारेने हलते ती कर्ण्याच्या आवाजानेही हलते. बंदिस्त, शांत सभागृहात हा पिकअप जितके सुख देतो, तितकाच तो उघड्या मैदानावर मोठ्या कर्ण्यांच्या सान्निध्यात ताप देतो.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते तिच्याकडे येतो. स्फटिकाची पट्टी वीज निर्माण करते खरी, पण ती अत्यंत क्षीण असते आणि पुढच्या यंत्राने थोडी ओढ लावली तरी ती तग धरू शकत नाही. साधारण एक नॅनोफॅरड धारितेची पट्टी घेऊन ती १०,००० ओहम रोधाच्या मिक्सरला सरळ जोडली, तर गणिताने असे निघते, की सेकंदाला सुमारे १६,००० कंपनांच्या खालचे सर्व स्वर उत्तरोत्तर क्षीण होत जातात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ कंपनांवर लावलेली आणि सर्वांत बारीक ३३० वर. म्हणजे वाद्याचे सारे वैभव दाराबाहेरच थांबते आणि मिक्सरात शिरते ती केवळ वरची किरकिर. हाच रोध १० लाख ओहम केला, तर मर्यादा १६० कंपनांवर येते. एक कोटी केला, तर १६ वर, आणि मग जाड तारही आपल्या पूर्ण गांभीर्याने बोलू लागते. हा मोठा रोध पुरवणे आणि क्षीण वीज सशक्त करून पुढे पाठवणे, हे प्रीअँप नावाच्या छोट्या यंत्राचे काम. चांगला पिकअप घेऊन प्रीअँपवर काटकसर करणारे कितीतरी होतकरू वादक मी पाहिले आहेत, आणि पुढे त्यांनी दोष दिला तो बिचाऱ्या पिकअपला! अंदाजपत्रक आखताना अर्धी रक्कम पिकअपला आणि अर्धी प्रीअँपला अशी वाटणी केली तरी ती वावगी होणार नाही. साध्या पिकअपची वायर मंडपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढू नये. ती जितकी लांब तितका स्वर दुबळा. वादकाच्या पायापाशी डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा स्वर लांब वायरीतून नेण्याजोगा करणारे छोटे यंत्र, ठेवावा आणि तेथून मिक्सरपर्यंत माइकची तीनपदरी वायर न्यावी. प्रीअँपला बहुधा ९ व्होल्टचा सेल लागतो, आणि पुष्कळ गिटारींत जॅक खोचताच तो चालू होतो. कार्यक्रमानंतर जॅक तसाच ठेवून वाद्य भिंतीला टेकवले, तर सेल विनाकारण झिजत राहतो आणि पुढे कधीतरी ऐन गाण्यात आवाज जातो.

यंत्राचा हा तपशील सांगून झाल्यावर निवडीबाबत माझा अभिप्राय स्पष्टपणे देणे मला प्राप्त आहे. निवड पिकअपच्या नावावरून करू नये. वाद्य कोठे, कोणाच्या संगतीत आणि कोणत्या कर्ण्यांतून वाजणार आहे, यावरून करावी. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित सभागृहासाठी जे उत्तम ते नातेपुत्याच्या बाजारतळावर उत्तम ठरेलच असे नाही. ज्याच्या गिटारला पोलादी तारा आहेत आणि ज्याला ढोलकीच्या शेजारी बसून उघड्यावर वाजवायचे आहे, त्याने आरंभी भोकावर बसणारा, जोडसंचाचा चुंबकीय पिकअप घ्यावा. तो बसवताना वाद्याला कसलीही इजा होत नाही आणि नको झाल्यास काढून ठेवता येतो. उघड्यावर वाजवायच्या गिटारला नायलॉनच्या तारा असतील, तर घोडीखालची पट्टीच घ्यावी. जो एकटाच, किंवा एखाद्या गायकासह, शांत जागी वाजवतो त्याने चकत्या लावून घ्याव्यात, आणि घुमारा उठू लागल्यास भोकावर रबराची चकती बसवावी. इतक्या साध्या उपायाने पुष्कळ काम होते. केवळ माइक हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु त्याला जी निःशब्दता लागते ती आमच्या सभांना सहसा लाभत नाही. आणि उत्तम लाकडाच्या जुन्या गिटारच्या कुशीत प्रीअँपसाठी चौकोनी भोक पाडून घेण्यास माझा सक्त विरोध आहे. पट्टा अडकवण्याच्या खुंटीच्या जागीच जॅक बसवण्याची सोय असताना वाद्याला ही जखम कशासाठी?

बसवण्याचे काम मात्र जाणत्या हातीच द्यावे. या बाबतीत आपले भाग्य असे, की तंतुवाद्यांचे कारागीर आपल्यापासून फार दूर नाहीत. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत सतारी आणि तंबोरे करण्यास प्रारंभ केला आणि तेथे सतारमेकरांची परंपराच उभी राहिली. तेथील सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्यांना लागणारे भोपळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या परिसरात पिकतात. तंबोऱ्याची घोडी कानसेने घासून, तिच्या पृष्ठावर तार नेमकी किती टेकावी हे केसाच्या अंतराने ठरवून जवारी काढणारा जो हात, त्याला गिटारच्या घोडीतील खाच सपाट करणे कठीण नाही. आणि घोडीखालच्या पट्टीचे सारे यश त्या खाचेच्या सपाटीवर अवलंबून असते. तळ कोठे किंचित खोलगट राहिला, तर त्या जागी पट्टीवर दाब पडत नाही आणि तिच्या वरची तार मुकी होते. म्हणून मोबदला देण्यापूर्वी गिटार तेथेच यंत्राला जोडावी, सहाही तारा एकामागून एक सारख्याच जोराने छेडाव्यात, आणि एखादी तार दबलेली वाटल्यास संकोच न करता हाडाची पट्टी पुन्हा काढायला लावून खाच दुरुस्त करून घ्यावी.