सुधाकर एका रात्रीत बुडत नाही



धान घरात आलं की गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. नाटकात दारुडा आला की आपण हसतो. आज त्याच्याकडे जरा नीट पाहू.

राम गणेश गडकरींचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्याच वर्षी गडकरी आपल्या विदर्भातच, सावनेरला वारले. त्यातला सुधाकर सुरुवातीला हुशार, मानी वकील असतो. कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद काही काळ जाते. तळीराम प्याला पुढे करतो. मग पैसा जातो, अब्रू जाते. सिंधू लोकांचं दळण दळून घर चालवते.

बी.ए.ला हे वाचताना एक जागा मनात रुतली. सुधाकर मध्ये दारू सोडतो, काम मागत फिरतो. कुणी विश्वास ठेवत नाही. मानी माणूस पुन्हा दुखावतो, पुन्हा पितो. शेवटी बाळ जातं, सिंधू जाते, तोही जातो.

पिण्याचा दोष त्याचाच, सिंधूचा नाही. पण ती सगळं एकटीनं सोसते. तिला बचत गट नव्हता, आपल्याला आहे. घरात पहिला प्याला आला की गटात बोला. मार पडत असेल तर लपवू नका, ११२ ला फोन करा. आणि कुणी खरंच सोडली, तर त्याला टोमणा मारू नका. हाताला काम मिळवून द्या.

सुधाकरला तेवढंच मिळालं नव्हतं.