जादा कुटुंबनिवृत्तिवेतनाची वसुली : सैनिकांच्या कुटुंबांनी काय करावे?

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



दिवंगत सैनिकाच्या पत्नीला एके दिवशी पत्र येते : आपणांस जादा रक्कम प्रदान झाली असून ती वसूल करण्यात येईल. पुढील महिन्यापासून हाती येणारी रक्कम घटते. हे पत्र वाचून घेण्यासाठी ती बहुधा सरपंचाकडे अथवा गुरुजींकडेच येते.

ही चूक कशी होते? निवृत्त सैनिकाच्या मृत्यूनंतर प्रथम अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के, म्हणजे वाढीव दराने कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. मृत्यूपासून ७ वर्षे, किंवा सैनिक हयात असता तर त्याला ६७ वर्षे पूर्ण झाली असती तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तेथवर ही मुदत असते. नंतर दर ३० टक्के होतो. समजा, वेतन ३०,००० रुपये होते. दरमहा १५,००० रुपयांचे ९,००० रुपये व्हावयास हवे होते. पण ३ वर्षे दर बदललाच नाही. मग महागाई सवलत वगळूनही २,१६,००० रुपये येणे निघते. मुलाचे निवृत्तिवेतन २५ वर्षे वय, विवाह किंवा स्वतःची कमाई यांपैकी प्रथम घडेल त्या वेळी थांबते. तेथेही नोंद राहून गेली की हाच प्रसंग ओढवतो.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात निवृत्त कर्मचाऱ्यांकडून, तसेच ५ वर्षांहून अधिक काळ चुकीने झालेल्या प्रदानाची वसुली अनुज्ञेय नसल्याचे सांगितले. कुटुंबाच्या अर्जातही या तत्त्वाचा आधार घेता येतो. मात्र जादा रक्कम परत करण्याची हमी लिहून दिली असल्यास हे संरक्षण लागू होत नाही, असे त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. विवाह वा नोकरी दडवणाऱ्यासही ते मागता येणार नाही.

म्हणून पत्र येताच कालावधी, दर व कारण यांचा लेखी हिशेब मागावा. बँकेला दिलेल्या हमीपत्राची प्रत पाहावी. प्रयागराज येथील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (निवृत्तिवेतन) यांच्याकडे हरकत नोंदवून पोच जपावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जासाठी साहाय्य करते. तेथेही दाद न लागल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे.

पत्र वाचून दाखवणाऱ्याने तिला घाबरवू नये. तिचा पहिला अर्ज लिहून द्यावा.