चूल नको, ऊन नको
(बुलढाणा जिल्ह्यातल्या बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



खरं तर मी गटाच्या हिशेबावर बोलायची तयारी करून आले होते. पण सकाळी ताई म्हणाल्या, हिशेब दुसरी कोणी सांगेल, तू तुझ्या चेहऱ्याबद्दल बोल. गेलं वर्षभर तुम्ही सगळ्या मागून विचारताय, तर आज समोरूनच सांगते.

लग्नानंतर तीन वर्षांनी, पहिल्या बाळंतपणात माझ्या गालांवर वांग आले. एक नात्यातली बाई म्हणाली, मेडिकलवर एक ट्यूब मिळते, आठ दिवसांत तोंड उजळतं. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, मी विचारलं नाही. आणि खरंच उजळलं! मग काय, जाऊबाईंनी घेतली, नणंदेने घेतली. बंद केली की खाज सुटायची, लावली की बरं वाटायचं. अशी किती वर्षं गेली ते सांगायची लाज वाटते.

माझे यजमान माझ्याहून सावळे आहेत. त्यांना कोणी ट्यूब सुचवली नाही. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्याच. बाईला एक माप आणि पुरुषाला दुसरं का, हे त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. मी शिबिरात ताराबाईंवर बोलायचे आणि घरी येऊन ट्यूब लावायचे.

पुढे चेहरा लाल राहायला लागला. चुलीपुढे बसलं की आग व्हायची. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर लाली लवकर कळत नाही, आधी जळजळच कळते. अकोल्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ट्यूब हातात घेऊन बारीक अक्षर वाचून दाखवलं. त्यात स्टिरॉइड होतं.

मी एकटी नव्हते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक दवाखान्यांतल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइडचं मलम लावत होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी कागदावर आहे, दुकानात जाऊन बघा. आणि स्टिरॉइड नसलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती, एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना गोरेपणाच्या क्रीमने इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला.

मला वाटलं होतं, डॉक्टरीणबाई लगेच लेझर मारतील. त्या म्हणाल्या, आधी ट्यूब सोडा, मग बघू. सोडल्यावर चेहरा इतका सुजला, इतका पेटला की रात्र रात्र ओला फडका ठेवून बसायचे. बऱ्याचजणी इथेच घाबरतात आणि पुन्हा ट्यूब आणतात. हे होणारच, हे आधी माहीत असेल तर निभावतं. पण आपल्या मनाने एकदम सोडू नका, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडा. त्यांनी रक्तही तपासलं. गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली, सोबत सांधे दुखणं, तोंड येणं, केस गळणं असेल तर तो ल्युपस नावाचा आजार असू शकतो. तो बायकांमध्ये पुष्कळ जास्त आढळतो आणि मूत्रपिंडापर्यंत जातो. तिथे लेझरचा विचार नंतर, आजार आधी. माझं तसं काही निघालं नाही.

सहा महिन्यांनी आग थांबली, पण शिरा राहिल्या. तेव्हा लेझर. म्हणजे काय, तर विशिष्ट उजेडाचा झोत. रक्ताचा लाल रंग तो उजेड शोषतो, शीर तापते आणि आकसून बंद होते. पण आपल्या कातडीतला सावळा रंगही तोच उजेड शोषतो. म्हणून सावळ्या चेहऱ्याला मशीन आणि जोर विचारपूर्वक निवडावा लागतो, नाहीतर भाजून काळे डाग पडतात. कानाजवळ आधी छोटी चाचणी करून घ्या. करत नसतील तर तिथून उठून या.

आता चिठ्ठी. आधी महिनाभर चेहरा उन्हाने रापू द्यायचा नाही. आठवडाभर आधीपासून रात्रीचं औषधी क्रीम, ब्लीच, फेशियल बंद. नंतर थंड पाण्याने हलक्या हाताने धुणं, साधं व्हॅसलिन, बाहेर पडायच्या आधी सनस्क्रीन आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा. हळद, लिंबू, बेसन काही नाही. उशी उंच. गरम पाणी नको, वाफ नको. आठवडाभर ऊन नको, चूल नको.

मी चिठ्ठी वाचून हसले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, मला समजलं नाही. मी म्हटलं, बाई, समजलं सगळं, पण ही चिठ्ठी कोणासाठी लिहिलीय? मी निंदायला जाते. माझ्याकडे गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. मग आम्ही दोघींनी कागद पुढे घेतला आणि माझा दिवस मांडला. पहिली सिटिंग निंदण उरकल्यावर ठेवली. त्याआधीचा महिना सकाळी सहा ते नऊ शेतात, तोंडाला जाड सुती रुमाल, त्यावर टोपी, त्याखाली सनस्क्रीन. दुसरी पाच आठवड्यांनी येत होती, म्हणजे ऐन सोयाबीनच्या सोंगणीत. त्या म्हणाल्या, दोन-तीन आठवडे पुढे गेली तर काही बिघडत नाही. हे मी विचारलं म्हणून कळलं. तिसरी मी उन्हाळ्याच्या आत उरकून घेतली.

चुलीचं काय झालं, ते सांगते. सिटिंगनंतर सहाव्या दिवशी घरात महालक्ष्म्या. पुरण, सोळा भाज्या, सगळं. मी चुलीपासून लांब बसले आणि माझं काम जाऊबाईंच्या अंगावर पडलं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. एका बाईला विसावा मिळाला आणि दुसरीच्या कमरेवर भार गेला. संध्याकाळी यजमानांना म्हटलं, पाणी तुम्ही तापवा, भाकऱ्या नाही आल्या तर भात लावा. पहिल्या दिवशी भात करपला. पुढच्या सिटिंगपर्यंत बरा जमायला लागला.

आणि एक. पहिल्या वेळी डोळ्यांखाली सूज आली आणि गालांवर निळसर डाग पडले. बसमध्ये शेजारच्या आजीने हळूच विचारलं, "काय वं बाई, घरी काही झालं काय?" गटाच्या बैठकीतही दोघींनी बाजूला घेऊन तेच विचारलं. इतकी वर्षं हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत आले. मी खरं सांगितलं तरी दोघींच्या डोळ्यांत विश्वास दिसला नाही, आणि मला ते आवडलं. त्यांनी तसंच करायला हवं होतं.

चळवळीतल्या एका जुन्या मैत्रिणीने मात्र तोंडावर म्हटलं, तूही शेवटी चेहऱ्याच्या मागे लागलीस! मी दोन दिवस गप्प होते. मग सांगितलं, मला गोरं व्हायचं नव्हतं, आग थांबवायची होती. पण हेही कबूल करते की शिरा गेल्यावर आरशात बघताना बरं वाटलं. याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही. एका सिटिंगला पैसे इतके लागले की त्यात एकरभराचं बियाणं आलं असतं. ज्यांना हे परवडत नाही, त्यांनी जीव जाळून घेऊ नये. ट्यूब सुटली आणि ऊन टाळलं तर बरीच आग तशीही शमते.

शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ मध्ये लोकांचे केस गळायला लागले, तेव्हा दिल्लीहून पथकं आली. ट्यूबने जळलेल्या चेहऱ्यांसाठी पथक येत नाही, कारण आपण ते घरात लपवतो.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली ट्यूब घेऊन यायची. संपलेली असली तरी चालेल, नाव वाचता आलं म्हणजे झालं. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन हे तीन शब्द मी फळ्यावर लिहून ठेवते. पोरींच्या दप्तरातलीही बघा.