जिरेटोपातले लोखंड

(दाल बाजार, ग्वाल्हेर येथील नाट्यमंदिरात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



दाल बाजारात बोलायचे, म्हणून सुरुवात जिऱ्यापासूनच करतो. वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, जिरेटोपाचा आणि जिऱ्याचा काय संबंध?" वर्ग हसला. मीही हसलो आणि मग ओशाळलो. इतकी वर्षे शिकवूनही मला उत्तर देता आले नाही.

उत्तर फारसीत आहे. 'ज़िरह' म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेले चिलखत. जिरेटोप म्हणजे त्या जातीचा, लढाईचा टोप. आज चित्रांत आणि रंगमंचावर दिसतो तो कापडाचा, मोत्यांचे तुरे लावलेला. शब्द राहिला, त्यातले लोखंड गळून गेले.

आता प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९. अफझलखानाच्या भेटीला निघताना महाराजांनी काय घातले, हे कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. अंगात 'जरीची कुडती', डोक्याला मंदिल, मंदिलात 'तोडा'. आपण जर वाचतो आणि डोळ्यांपुढे सोनेरी वस्त्र आणतो. पण पुढे खानाचा वार याच कुडतीवर घासला जातो आणि अंगाला लागत नाही. सोन्याच्या तारेने कट्यार अडत नाही. ही जर म्हणजे ज़िरहच. तोड्याचे तसे नाही. तोडा दागिन्यालाही म्हणतात आणि बंदुकीच्या वातीलाही, त्यामुळे तेवढ्या एका शब्दावरून निकाल देऊ नये. १८२६मध्ये ग्रँट डफने मात्र पागोट्याखाली पोलादी कड्यांची टोपी असल्याचे स्पष्ट लिहिले.

टोप उघड घातला असता, तर विश्वास नसल्याची ती जाहीर कबुली ठरली असती आणि भेट तिथेच मोडली असती. मंदिल सलोखा दाखवतो, आतले लोखंड जीव राखते. ही सावधगिरी केवळ आपलीच नव्हे. त्याआधी दहा वर्षे, १६४९मध्ये, इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजावर खटला चालला. न्यायासनावरच्या जॉन ब्रॅडशॉच्या हॅटला आतून पोलादी पत्रे लावलेले होते. ती हॅट ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ज़िरहचा अर्थ सांगितला. तीच मुलगी चटकन म्हणाली, "म्हणजे हिंदीतल्या 'जिरह-बख्तर'मधला जिरह!" मला जो शब्द कोशात शोधावा लागला, तो तिच्या कानावर रोज पडणाऱ्या भाषेत होता.

पुण्याकडचे पाहुणे आपल्या ग्वाल्हेरी मराठीला हिंदाळलेली म्हणतात आणि आपण खाली मान घालतो. मंडळी, मान घालू नका. शिंद्यांच्या लष्कराबरोबर इथे आलेल्या आपल्या मराठीने दोनशे वर्षे हिंदीचा शेजार केला. त्या शेजारातच आपल्या जुन्या शब्दांच्या काही किल्ल्या आहेत. मुलांना दोन्ही भाषा नीट द्या. नाहीतर उद्या जिरेटोप म्हटले की त्यांना फक्त फोडणी आठवेल.