कर्णधार बदलतो तेव्हा प्रेक्षक कोणावर चिडतो?

व्यावसायिक संघाचे नेतृत्व बदलले की चाहत्यांत उसळणारा रोष ही केवळ भावनेची बाब मानली, तर त्यातला महत्त्वाचा भाग नजरेआड होतो. कारण हा रोष ज्याने निर्णय घेतला त्याच्यावर क्वचित, आणि ज्याच्या वाट्याला पद आले त्याच्यावर बहुधा कोसळतो. 15 डिसेंबर 2023 रोजी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमले, त्यानंतर जे घडले ते या विसंगतीचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण होय.

मुंबई इंडियन्स ही फ्रँचायझी आहे, म्हणजे एखाद्या शहराच्या नावाने संघ चालवण्याचा क्रिकेट मंडळाकडून लिलावात विकत घेतलेला हक्क. तिला मालक असतो, सभासद नसतात. त्यामुळे कर्णधार कोण असावा हे ठरवताना प्रेक्षकाला मत नसते. तरीही हा संघ आपला आहे असे त्याला वाटते, आणि मराठवाड्यात तर हे नाते शहराच्या जवळिकीतून आलेले नसतेच. इथल्या करमाडपासून मुंबईतले वानखेडे स्टेडियम रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर. इथला चाहता संघाशी जोडला जातो तो टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरून आणि मुख्यतः एका खेळाडूमुळे. 2013 च्या हंगामात रिकी पाँटिंगकडून सूत्रे घेतलेल्या रोहितने 2020 पर्यंत पाच विजेतेपदे मिळवून दिली होती. तेव्हा संघ आणि माणूस यांत चाहत्याने फरक केला नाही, हा दोष त्याचा एकट्याचा नाही, कारण जाहिरातींनीही तो कधी करू दिला नव्हता.

हार्दिक परका नव्हता. 2015 मध्ये मुंबईकडूनच तो पुढे आला, 2022 मध्ये गुजरात टायटन्सला त्याने पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवून दिले आणि ‘ट्रेड’ने, म्हणजे लिलावाबाहेर दोन संघांत झालेल्या व्यवहाराने, तो परतला. संघ भविष्यासाठी सज्ज ठेवण्याचे व्यवस्थापनाचे कारण व्यवहाराला धरून होते. परंतु पाच विजेतेपदांचा हिशेब प्रसिद्धीपत्रकाने मिटत नाही.

24 मार्च 2024 रोजी अहमदाबादेत गुजरातविरुद्धच्या सामन्यात हार्दिकची हुर्यो उडवली गेली. त्याच सामन्यात गुजरातच्या डावाच्या अखेरीस त्याने रोहितला सीमारेषेकडे पिटाळले. क्षेत्ररचनेतला हा साधा बदल, पण ती चित्रफीत अपमानाचा पुरावा म्हणून फिरत राहिली. 1 एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी हुर्यो इतकी वाढली की समालोचक संजय मांजरेकर यांनी प्रेक्षकांना नीट वागण्यास बजावले, आणि पुढे खुद्द रोहितने हाताच्या खुणेने ती थांबवण्याची विनंती केली. ज्याच्यासाठी ओरडायचे त्यानेच आवरा म्हणावे, अशी ही अवस्था होती. त्या दिवशी रोहित पहिल्याच चेंडूवर बाद झाला, तर हार्दिकने 34 धावा केल्या. हे आकडे मात्र कोणाच्या तोंडी राहिले नाहीत. हंगामाअखेर मुंबई तळाला, दहाव्या स्थानी होती.

रोष नेहमी असाच वळतो असे नाही. पुण्याजवळच्या खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारतीय हॉकी संघाने 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत 32 वर्षांनी सुवर्णपदक जिंकले आणि लगेच विश्रांतीचे कारण देऊन त्याच्यासह सात ज्येष्ठ खेळाडूंना वगळण्यात आले, तेव्हा टीकेचा रोख हॉकी महासंघावर होता. त्यांच्या जागी आलेल्यांवर नव्हता. राष्ट्रीय संघाच्या महासंघाला जाब विचारण्याची निदान अपेक्षा तरी असते. फ्रँचायझीचा मालक मात्र नाणेफेकीला मैदानात येत नाही. तिथे उभा असतो तो कर्णधार, आणि प्रेक्षकाजवळ तिकिटाव्यतिरिक्त असते ती फक्त आवाजाची ताकद.

29 जून 2024 रोजी बार्बाडोसमध्ये टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक हार्दिकने टाकले, भारत सात धावांनी जिंकला आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. याला माफी म्हणण्यात घाई होते. जयघोष भारतीय संघातल्या हार्दिकचा होता, तेव्हा कर्णधार रोहितच होता, आणि मुंबई इंडियन्सच्या कर्णधारपदाचा निर्णय जिथे झाला, तिथपर्यंत मार्चमधली हुर्यो पोहोचली नव्हती, तसा जुलैमधला जयघोषही पोहोचायचा नव्हता. 2025 च्या हंगामातही कर्णधार हार्दिकच राहिला.