अणू, आयोडीन आणि आईचे ताट
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



मी सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमापर्यंत. तरी आज अणूवर बोलतो आहे, कारण तो न समजल्यामुळे आमच्या घरात एक चूक झाली.

काही वर्षांपूर्वी आईला थायरॉईडसाठी हैदराबादला किरणोत्सारी आयोडीन दिले. डॉक्टरांनी काही दिवस अंतर ठेवायला सांगितले. आम्ही तीन महिने ठेवले. ताट वेगळे, तांब्या वेगळा, नातवंडे लांब. ती काही बोलली नाही. पुढे मुलीला नववीचा अणूचा धडा शिकवताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

अणूच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यात धनभारित प्रोटॉन आणि भार नसलेले न्यूट्रॉन. भोवती ऋणभारित इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन थॉमसनने 1897 मध्ये शोधला, केंद्रक रुदरफोर्डने 1911 मध्ये, न्यूट्रॉन चॅडविकने 1932 मध्ये. आपल्या सिंगरेणीच्या कोळशातला कार्बन घ्या: 6 प्रोटॉन, 6 इलेक्ट्रॉन आणि बहुतेक अणूंत 6 न्यूट्रॉन. त्याचे केंद्रक हरभऱ्याच्या डाळीएवढे मानले, तर अणू शे-दीडशे मीटर पसरेल. डाळ या मंडपात, इलेक्ट्रॉन पार रस्त्यापलीकडे! तरी जवळजवळ सगळे वजन त्या डाळीतच.

मूलद्रव्य कोणते, हे प्रोटॉनांच्या संख्येवर ठरते. न्यूट्रॉन कमीजास्त झाले तर मूलद्रव्य तेच, वजन वेगळे. यांना समस्थानिके म्हणतात. आपली गोदामाई त्र्यंबकेश्वराहून निघते, मंचेरियलवरून पुढे मणुगूरकडे जाते. तिथल्या कारखान्यात तिच्या पाण्यातून जड पाणी वेगळे काढतात. साध्या हायड्रोजनमध्ये न्यूट्रॉन नसतो, या जड हायड्रोजनमध्ये एक असतो. असा अणू सुमारे साडेसहा हजारांत एखादाच! मुंबईत तुर्भ्याची 'ध्रुव' अणुभट्टी जड पाण्यावरच चालते. टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून औषधी आयोडीन तिथे तयार होते.

मिठातल्या आयोडीनमध्ये 53 प्रोटॉन, 74 न्यूट्रॉन. औषधी आयोडीनमध्ये 53 प्रोटॉन, 78 न्यूट्रॉन. इलेक्ट्रॉन दोन्हींत सारखेच, म्हणून थायरॉईड ग्रंथी फरक न करता दोन्ही घेते. पण जास्तीचे न्यूट्रॉन त्या केंद्रकाला पेलत नाहीत. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. तोच ग्रंथीतल्या पेशी मारतो. सोबत गॅमा किरणही निघतात, म्हणून अंतर ठेवायचे. प्रोटॉन आता 54 झाले, म्हणजे आयोडीनचा झेनॉन वायू झाला.

हे आयोडीन 8 दिवसांत निम्मे होते, 16 दिवसांत पाव, ऐंशी दिवसांत हजारात जेमतेम एक भाग. शिवाय बरेचसे पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे निघून जाते. म्हणजे तिसऱ्या महिन्यात ताट वेगळे ठेवायला काही कारणच उरले नव्हते.

आईला हे सांगितले, माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही सगळेच घाबरला होतात रे. मग मी कुणाला विचारणार?"

मंडळी, असा उपचार घरात कुणाला झाला, तर अंतर किती दिवस आणि किती, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. तेवढे काटेकोर पाळा. मुदत संपली की माणसाला पंगतीत घ्या.

आई आज पुढच्याच रांगेत बसली आहे. महाप्रसादाला मी तिच्या शेजारी बसणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!